संगणकाची शाकारणी

वसई तालुक्यात जी कौलारू घरे उरली आहेत, त्यांची शाकारणी पावसापूर्वी उरकावी लागते. फुटके कौल काढून दुसरे बसवितात. वासा किडला असेल तर तेवढाच बदलतात. पावसाळा आला म्हणून कोणी घर नव्याने बांधीत नाही. शाळेतील संगणकाच्या मूळ प्रणालीचेही पुष्कळसे असेच आहे.

प्रणालीत दोष राहून जातात आणि ते वर्षानुवर्षे सापडत राहतात. प्रणाली तयार करणारी संस्था ठरावीक मुदतीपर्यंत त्यांची दुरुस्ती पुरविते. ‘उबुंटू’ची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते, परंतु तिला जेमतेम नऊ महिने दुरुस्ती मिळते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये मात्र दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते व ती पाच वर्षे सांभाळली जाते. ‘२४.०४’ या अंकांतच २०२४ चा एप्रिल आहे; तिची मुदत २०२९ पर्यंत. या काळात दुरुस्ती जुन्या आवृत्तीच्या मापाने बेतून दिली जाते, नव्या सोयी सहसा घातल्या जात नाहीत. त्यामुळे जूनमध्ये मुलांना दाखविलेली खूण मार्चमध्येही जागेवर सापडते. खेड्यातील शाळेला नावीन्यापेक्षा हेच अधिक मोलाचे. केरळातील सरकारी शाळांची प्रणाली अशाच आवृत्त्यांवर बेतलेली आहे.

मुदत संपली तरी संगणक बंद पडत नाही, आणि घात होतो तो येथेच. ‘विंडोज एक्सपी’ची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती निघाली, ती मुदतीतील आवृत्त्यांपुरती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषातून शिरून सुमारे १५० देशांतील संगणकांवरील कागदपत्रे कुलूपबंद केली व खंडणी मागितली. एक्सपीसाठीची दुरुस्ती सर्वांना खुली झाली ती त्यानंतर. तथापि बळी पडले ते बहुतेक ‘विंडोज ७’चे संगणक. त्यांची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती; कौल अंगणात येऊन पडले होते, छपरावर कोणी चढविले नव्हते.

‘विंडोज १०’ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. शिक्षकांनी जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाच्या किमतीशेजारी प्रणालीची आवृत्ती व मुदतीची तारीख लिहावी. आवृत्ती बदलावयाची ती मे महिन्याच्या सुटीत. तत्पूर्वी विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. हे पाहणेच बहुधा राहून जाते. मग तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. संगणकाला जोडलेला राहिला, तर असा उपद्रव त्यावरील प्रतही कुलूपबंद करतो.