कामगार विमा आणि डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य

आपल्या गंगापूर तालुक्यात वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. 1985 साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनविणारे लहानमोठे कारखाने वाढले. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील कोणी ना कोणी आज वाळूजला पाळीवर जातो. त्याच्या पगारपत्रकावर दरमहा एक छोटीशी कपात असते. ती राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी होय. ही वर्गणी भरणाऱ्याला योजनेच्या दवाखान्यात नाव नोंदवून तेथील डॉक्टरचे औषध घेता येते. परंतु एखाद्याला तो डॉक्टर नको असेल तर? ‘माझे नाव काढा, माझी कपात थांबवा, मी माझ्या डॉक्टरकडे जाईन,’ असे त्याला म्हणता येईल काय? आणि म्हणता येत नसेल, तर ते न्याय्य आहे काय? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

योजनेचा उगम

1942 साली इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. लगेच पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविले. त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. अडारकरांनी 1944 मध्ये आपला अहवाल सादर केला. त्याच्या पायावर 1948 चा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. मुंबईत ती 1954 साली आली. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे.

आजारी माणूस कामावर जाऊ शकत नाही, म्हणून त्याची मजुरी बुडते. आणि नेमक्या त्याच वेळी औषधपाण्याचा खर्च वाढतो. हा दुहेरी मार एकट्या कामगाराला झेपत नाही. तो सर्वांनी मिळून वाटून घ्यावा, एवढेच या योजनेचे सूत्र आहे.

वर्गणी आणि लाभ

1 जुलै 2019 पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाची 3.25 टक्के अशी ठरली. दरमहा 15,000 रुपये वेतन असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याचे 112 रुपये 50 पैसे कापले जातात, मालक 487 रुपये 50 पैसे भरतो. दोन्ही मिळून महिन्याला 600 रुपये, म्हणजे वर्षाला 7,200 रुपये होतात.

याच्या मोबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबीयांना वैद्यकीय उपचार मिळतात. आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. आपल्या उदाहरणातील कामगाराचे रोजचे वेतन ढोबळमानाने 500 रुपये धरले, तर रोज 350 प्रमाणे 91 दिवसांचे 31,850 रुपये होतात. प्रसूतीसाठी 26 आठवड्यांचे पूर्ण वेतन, कामावर अपघात होऊन अपंगत्व आले तर वेतनाच्या 90 टक्क्यांच्या हिशेबाने भत्ता आणि कामावरील अपघातात मृत्यू झाल्यास आश्रितांना निवृत्तिवेतन, हे आणखी काही लाभ. सारांश, ही केवळ दवाखान्याची वर्गणी नसून बुडालेल्या मजुरीचाही विमा आहे. पुढील चर्चेत हा मुद्दा महत्त्वाचा ठरेल.

पॅनेल पद्धती

डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य योजनेत मुळीच नाही, असे मात्र नाही. योजनेने डॉक्टरची सोय दोन रीतींनी केली. एका रीतीत योजनेचा स्वतःचा दवाखाना व पगारी डॉक्टर असतो. दुसऱ्या रीतीत खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची यादी करतात आणि कामगार त्यातील एकाकडे आपले नाव नोंदवितो. डॉक्टरला नोंदलेल्या माणशी ठरावीक वार्षिक रक्कम मिळते. मुंबईच्या गिरणगावात ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द घरोघरी रुळला तो यामुळेच. या पद्धतीचे मूळ इंग्लंडच्या 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्यात आहे.

दुसऱ्या रीतीत एक मोठी सोय आहे. डॉक्टर पसंत नसेल तर कामगार यादीतील दुसऱ्याकडे नाव हलवू शकतो. नाव हलले की डॉक्टरचे उत्पन्नही हलते. त्यामुळे रुग्णाशी नीट वागण्याचे एक कारण डॉक्टरपाशी राहते. डॉक्टर नाकारण्याचा हक्क येथे आहे. मात्र सामाईक निधी सोडून जाण्याचा हक्क नाही. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि सगळा गोंधळ ते एकच समजल्याने होतो.

बाहेर पडण्याची मागणी

28 फेब्रुवारी 2015 रोजी अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अशी सूचना केली होती, की कामगाराला ही योजना किंवा मान्यताप्राप्त आरोग्य विमा यांपैकी एक निवडण्याची मुभा असावी. या योजनेपाशी ग्राहक नसून ओलीस धरलेली माणसे आहेत, या टीकेचाही त्यांनी उल्लेख केला. कामगार संघटनांनी सूचनेला विरोध केला आणि ती कायद्यात उतरली नाही.

सूचनेमागील तक्रार खोटी नव्हती. वाळूज शहराच्या पश्चिमेला आणि कामगार विमा रुग्णालय पूर्वेला चिकलठाण्यात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने आजारी मुलाला घेऊन शहर ओलांडायचे, रांगेत उभे राहायचे आणि त्या दिवसाची मजुरी सोडायची, यापेक्षा घराजवळच्या खाजगी डॉक्टरला पैसे देणे त्याला परवडते. तेव्हा तो कोणताही अर्ज न करता योजनेतून बाहेर पडलेलाच असतो. फक्त वर्गणी चालू राहते. अशा माणसाला ‘तुझ्या हिताचेच आहे’ असे नुसते सांगून भागणार नाही.

तरीही निधीतून बाहेर पडण्याची मुभा द्यावी काय? येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 सालचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील प्रसिद्ध निबंध आठवावा. विम्यालाही तोच न्याय लागतो. मुभा मिळताच प्रथम कोण बाहेर पडेल? तरुण, धडधाकट आणि बऱ्या पगाराचा कामगार. मागे राहतील वयस्क, दमेकरी, मधुमेही आणि अल्पवेतनी. निधी आटेल, खर्च मात्र तेवढाच राहील. मग वर्गणी वाढेल किंवा सेवा घसरेल आणि उरलेल्यांपैकीही काही जण निघून जातील. शिवाय खाजगी विम्याचा हप्ता वयाप्रमाणे वाढतो. राज्य विम्यात पंचविशीतला आणि पंचावन्नतला कामगार सारख्याच टक्क्याने भरतो. आज बाहेर पडणारा तरुण उद्या पंचावन्न वर्षांचा होणारच आहे! आणि रुग्णालयाचे बिल भागविणारी सर्वसाधारण पॉलिसी त्याची बुडालेली मजुरी भरून देत नाही, हे वेगळेच.

जर्मनीत 1883 पासून आजारपणाचा सक्तीचा विमा आहे. तेथे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेतन असणाऱ्यास तो सोडून खाजगी विमा घेता येतो. म्हणजे बाहेरचे दार आहे, पण ते अधिक मिळकत असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे 2017 च्या जानेवारीपासून 21,000 रुपयांची वेतनमर्यादा ठरली. ती ओलांडणारा कामगार, त्याची इच्छा असो वा नसो, चालू वर्गणीकाळ संपल्यावर योजनेबाहेर जातो. संपूर्ण कारखान्याला सरकार सूट देऊ शकते. परंतु कामगारांना तितक्याच किंवा अधिक चांगल्या सोयी मिळत असतील तरच.

जे आतच नाहीत

नको असलेल्या नोंदणीबद्दल बोलताना, हवी असूनही नोंदणी न मिळणाऱ्यांचा विसर पडू नये. हंगामी कारखान्यांना हा कायदा पहिल्यापासून लागू नाही. साखर, गूळ, कापसाचे जिनिंग व प्रेसिंग हे उद्योग हंगामी मानले जातात. उसाच्या आणि कापसाच्या आपल्या मुलखात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. एकाच गावातील दोन भावांपैकी वाळूजला जाणारा विमाधारक असतो आणि जिनिंगवर जाणारा नसतो. कापसाच्या धुळीने खोकला दुसऱ्याला अधिक येतो. वाळूजमध्येही ठेकेदाराने नावच नोंदविले नाही तर कामगाराला अपघात होईपर्यंत पत्ता लागत नाही. अशांच्या बाबतीत ‘बाहेर राहण्याचे स्वातंत्र्य’ ही भाषा क्रूर थट्टा ठरते.

निष्कर्ष

आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली असे दाखवून दिले, की संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात : मुकाट्याने निघून जाणे किंवा आत राहून आवाज उठविणे. ज्यांना बोलता येते तेच आधी निघून गेले, तर मागे राहिलेल्यांचा आवाज क्षीण होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांबाबत आपण हे पाहतोच आहोत.

म्हणून डॉक्टर बदलण्याचा, नाकारण्याचा आणि दुसऱ्याचे मत घेण्याचा पूर्ण हक्क कामगाराला असावा. वाळूजसारख्या वसाहतीत त्याच्या घराजवळ निवडीला पुरेसे डॉक्टर असावेत. सामाईक निधी सोडण्याचा हक्क मात्र नसावा, कारण त्याची किंमत सोडणारा नव्हे तर मागे राहणारा मोजतो. पण ही सक्ती सेवा देणाऱ्यावरही तितकेच बंधन घालते. ज्याचे पैसे त्याच्या संमतीवाचून कापले जातात, त्याला दवाखान्यात औषध मिळालेच पाहिजे.

आपल्या घरी कोणी वाळूजला जात असेल, तर त्याचा विमा क्रमांक कोणता, कुटुंबीयांची नावे नोंदली आहेत काय आणि वर्गणी खरोखर भरली जाते काय, एवढे तरी आपण विचारून पाहावे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींकडून घराने एवढी अपेक्षा करणे काही जास्त नाही.