ग्रंथ, प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या : हिवतापावरील एका औषधाच्या शोधाचा अभ्यास

प्राचीन वैद्यक श्रेष्ठ की आधुनिक वैद्यक श्रेष्ठ, हा वाद गावच्या पारापासून शहरातील सभागृहापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. पूर्वजांनी सर्व काही लिहून ठेवले आहे, असे एक पक्ष म्हणतो. जुन्या पोथ्यांत भाबड्या समजुतींखेरीज काही नाही, असे दुसरा म्हणतो. एका बाबतीत मात्र दोन्ही पक्ष सारखेच असतात. ती वनस्पती प्रत्यक्ष तपासून पाहण्याचे श्रम दोघांपैकी कोणीच घेत नाही. चीन देशात १९६७ पासून पुढील काही वर्षांत हे श्रम घेण्यात आले व त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील प्रभावी औषध जगाला लाभले. त्या संशोधनाची वाटचाल कशी झाली आणि तिच्यापासून ग्रामस्थांनी, अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोग आणि जुनी औषधे

हिवताप हा रक्तातील एका सूक्ष्म परोपजीवी जंतूमुळे होणारा रोग आहे. १८८० मध्ये लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरांना हा जंतू रुग्णाच्या रक्तात प्रथम आढळला. तो डासाच्या शरीरात वाढतो, याचा पुरावा २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना मिळाला. हैदराबाद परिसरातील मराठी वाचकांना ही वास्तू परिचित आहे. या जंतूच्या जातींपैकी व्हायव्हॅक्स ही पुन्हा पुन्हा ताप आणणारी, तर फाल्सिपेरम ही मेंदूपर्यंत विकार पोहोचवून प्राण घेणारी होय.

या रोगावरील पहिले खात्रीचे औषध म्हणजे क्विनाईन. जुन्या पिढीच्या तोंडी ते ‘कोयनेल’ या नावाने होते. तेही मूळचे झाडाचेच. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाच्या सालीतून १८२० मध्ये पॅरिस येथे दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे केले. पुढे १९३४ मध्ये जर्मनीत क्लोरोक्विन हे कृत्रिम औषध तयार झाले. ते स्वस्त व गुणकारी असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वापरात आले. परंतु १९६० च्या सुमारास आग्नेय आशियात व दक्षिण अमेरिकेत फाल्सिपेरम जंतू या औषधाला दाद देईनासे झाले. भारतात असा पहिला रुग्ण १९७३ मध्ये आसाममध्ये आढळला. १९७६ मध्ये तर देशात हिवतापाच्या सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. नव्या औषधाची गरज किती तीव्र होती, हे यावरून ध्यानात येईल.

प्रकल्प ५२३

त्या काळी व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते आणि जंगलातील सैनिक हिवतापाने जर्जर झाले होते. उत्तर व्हिएतनामने चीनकडे साहाय्य मागितले. त्यानुसार २३ मे १९६७ रोजी बीजिंग येथे बैठक होऊन एक गुप्त संशोधन योजना आखण्यात आली. बैठकीच्या तारखेवरून तिला ‘प्रकल्प ५२३’ हे नाव पडले. निरनिराळ्या संस्थांतील शेकडो संशोधक या योजनेत सहभागी झाले.

जानेवारी १९६९ मध्ये बीजिंग येथील पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील श्रीमती तू यूयू यांच्याकडे एका गटाचे नेतृत्व सोपविण्यात आले. (चिनी रीतीप्रमाणे यातील ‘तू’ हे आडनाव आहे.) त्यांनी १९५५ मध्ये औषधनिर्माणशास्त्राचे आधुनिक शिक्षण पूर्ण केले होते. त्यानंतर १९५९ ते १९६२ या काळात, आधुनिक वैद्यक शिकलेल्यांसाठी चालविलेला चिनी वैद्यकाचा पूर्णवेळ अभ्यासक्रमही त्यांनी पूर्ण केला. दोन्ही विद्या एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्या होत्या, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ग्रंथातील संकेत

गटाने प्रथम जुने ग्रंथ चाळले, वयोवृद्ध वैद्यांच्या भेटी घेतल्या व दोन हजारांहून अधिक पाठ गोळा केले. त्यांतून ६४० पाठांची एक पुस्तिका तयार करण्यात आली. पुढे सुमारे २०० वनस्पतींपासून काढलेले ३८० अर्क हिवतापाने आजारी केलेल्या उंदरांना देऊन पाहण्यात आले. छिंगहाओ नावाच्या वनस्पतीच्या अर्काने एकदा जंतूंची वाढ ६८ टक्क्यांनी रोखली. पण प्रयोग पुन्हा केले असता हे प्रमाण १२ ते ४० टक्क्यांवर घसरले. एकदा आलेला गुण पुन्हा येत नसेल, तर विज्ञान त्यावर विश्वास ठेवत नाही.

अशा वेळी श्रीमती तू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील वैद्य गे हुंग यांच्या तातडीच्या उपचारांविषयीच्या ग्रंथात या वनस्पतीचा उल्लेख होता. मूठभर पाला पाण्यात भिजवून व पिळून तो रस प्यावा, अशा आशयाची कृती तेथे दिली होती. काढा उकळण्याची जी सर्वसाधारण रीत, तिचा तेथे निर्देश नव्हता. उष्णतेमुळे औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क श्रीमती तू यांनी यावरून केला.

प्रयोगशाळेतील कसोटी

तर्क म्हणजे सिद्धांत नव्हे. त्याची परीक्षा घ्यावी लागते. सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या ईथर या द्रवाचा उपयोग करून कमी तापमानात अर्क काढण्यात आला. त्यातील आम्लधर्मी भाग विषारी व निरुपयोगी ठरला, तर उदासीन भागात गुण आढळला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे केले. पाठोपाठ माकडांवरही तसाच परिणाम दिसून आला.

वनस्पतीची ओळख पटविणे हेही तितकेच महत्त्वाचे काम होते. छिंगहाओ या नावाखाली बाजारात एकाच प्रजातीतील अनेक वनस्पती मिळत. त्यांपैकी आर्टेमिसिया ॲन्युआ या एकाच जातीत अपेक्षित द्रव्य पुरेशा प्रमाणात आढळले. तेही पानांत आणि फुले येण्यापूर्वी. आपल्याकडे देवाला वाहिला जाणारा सुवासिक दवणा याच प्रजातीतील आहे. परंतु तो हिवतापाचे औषध नव्हे. वनस्पतींची प्रजाती एक असली म्हणजे त्यांचे गुणही एकच असतात, असे समजणे चुकीचे होय.

रुग्णशय्येवरील कसोटी

प्राण्यांवर गुण आला तरी माणसाला तो अर्क अपायकारक ठरणार नाही ना, हा प्रश्न शिल्लक होता. जुलै १९७२ मध्ये श्रीमती तू व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयात देखरेखीखाली स्वतः अर्क घेतला. कोणताही अपाय न आढळल्याने त्याच वर्षी हायनान बेटावर २१ व बीजिंगमध्ये ९ रुग्णांना तो देण्यात आला. रुग्णांचा ताप उतरला व रक्तातील जंतू दिसेनासे झाले. वर्षअखेरीस, नोव्हेंबर १९७२ मध्ये, अर्कातील मूळ द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे करण्यात यश आले. हेच आर्टेमिसिनिन होय.

१९७३ मध्ये या शुद्ध द्रव्याच्या गोळ्या हायनान येथे रुग्णांना देण्यात आल्या, तेव्हा परिणाम निराशाजनक ठरला. कारणाचा शोध घेता असे आढळले की, द्रव्यात दोष नव्हता. गोळीच पोटात नीट फुटत नव्हती. तेच द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून दिल्यावर गुण आला. प्रयोगशाळेतील यश रुग्णापर्यंत पोहोचताना किती लहानशा गोष्टीने अडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

हे यश एका गटाचे नव्हते. युन्नान व शानतुंग प्रांतांतील संशोधकांनीही हे द्रव्य स्वतंत्रपणे वेगळे केले. ग्वांगचौ येथील ली ग्वोछ्याव यांच्या पथकाने १९७४ पासून ते फाल्सिपेरमच्या गंभीर रुग्णांवर तपासले. शांघाय व बीजिंग येथील शास्त्रज्ञांनी त्याची रेणुरचना निश्चित केली. त्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक दुवा आहे. जंतू रक्तातील हिमोग्लोबिन पचवितो, तेव्हा सुटणाऱ्या लोहयुक्त घटकामुळे हा दुवा तुटतो आणि त्यातून निर्माण होणारी क्रियाशील द्रव्ये जंतूचा नाश करतात. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी अहवालात २,०९९ रुग्णांचे निष्कर्ष देण्यात आले. औषधाचा गुण लवकर येतो, परंतु काही रुग्णांत रोग उलटतो, हा दोषही त्या काळच्या संशोधनातून पुढे आला.

जगाची कसोटी

एका देशातील निष्कर्ष अन्यत्रही खरे ठरतात काय, हे पाहण्यासाठी मोठ्या तुलनात्मक चाचण्या आवश्यक असतात. अशा चाचणीत कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यावयाचे, हे डॉक्टरांच्या पसंतीने न ठरविता यदृच्छेने ठरविले जाते. त्यामुळे पक्षपातास वाव राहत नाही. आर्टेमिसिनिनपासून तयार केलेल्या आर्टेसुनेट या इंजेक्शनाची व क्विनाईनची अशी तुलना बांगलादेश, म्यानमार, भारत व इंडोनेशिया या देशांत गंभीर हिवतापाच्या १,४६१ रुग्णांवर करण्यात आली. २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्विनाईन दिलेल्या रुग्णांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के दगावले. म्हणजेच दर शंभर गंभीर रुग्णांमागे सात जीव अधिक वाचले. आफ्रिकेतील ५,४२५ मुलांवरील चाचणीत, २०१० मध्ये, हे प्रमाण अनुक्रमे १०.९ व ८.५ टक्के असे आढळले.

हे औषध शरीरात फार काळ टिकत नाही. म्हणून ते दीर्घकाळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केली व २००६ मध्ये तोंडाने घ्यावयाच्या एकेरी औषधाची विक्री थांबविण्याचे आवाहन केले. असे असूनही २००८ च्या सुमारास कंबोडियाच्या पश्चिम भागात या औषधालाही अंशतः दाद न देणारे जंतू आढळले. पुढे आफ्रिकेतील काही देशांतही ते दिसून आले. २०१५ मध्ये श्रीमती तू यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यात आला. ३० जून २०२१ रोजी चीन हिवतापमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

नाण्याची दुसरी बाजू

प्रत्येक जुनी वनौषधी अशी कसोटीला उतरतेच, असे नाही. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्याच्या उपचारांत चिनी वनस्पतींची चूर्णे वापरली जात होती. १९९० नंतर हे उपचार घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे आढळले. अशा रुग्णांची संख्या पुढे शंभरावर गेली. तपासाअंती असे निष्पन्न झाले की, अपेक्षित वनस्पतीऐवजी जवळजवळ त्याच नावाची ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पती चूर्णात आली होती. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडास घातक असून कर्करोगही निर्माण करते. आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसंद या नावांनी ओळखली जाणारी वेल याच प्रजातीतील आहे. म्हणून तिचे मूळ अगर चूर्ण पोटात घेणे धोक्याचे होय. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज किती महाग पडू शकतो, हे यावरून दिसून येईल.

सारांश असा की, ग्रंथ दिशा दाखवितो. निर्णय मात्र प्रयोगशाळेने व रुग्णशय्येने द्यावयाचा असतो. छिंगहाओचा उल्लेख सोळा शतके ग्रंथात होता, तरीही हिवतापाने माणसे मरतच होती. त्या उल्लेखातून औषध निर्माण झाले, ते वनस्पती ओळखून, द्रव्य वेगळे करून, मात्रा ठरवून आणि चुका मान्य करून.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

ग्रामस्थांनी : ताप आल्यास, शक्यतो २४ तासांच्या आत, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी व औषधे शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात. ताप उतरला तरी औषधांचा क्रम पूर्ण करावा. अर्धवट सोडल्यास रोग उलटण्याचा धोका राहतो. आर्टेमिसियाचा चहा अगर काढा औषध म्हणून घेऊ नये, कारण त्यात मात्रा निश्चित नसते. जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करीत नाही.

अधिकाऱ्यांनी : जोडऔषधांचा साठा व मुदत वेळोवेळी तपासावी. आर्टेमिसिनिनवर्गीय एकेरी गोळ्यांची विक्री होत असल्याचे आढळल्यास औषध प्रशासनास कळवावे. गावातील जाणत्या वैद्यांकडून वनस्पतींची माहिती घेताना तिचे स्थानिक नाव, वापराचा भाग, तोडणीचा हंगाम व कृती यांची नोंद करावी आणि नमुना वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घ्यावा.

शिक्षकांनी पुढील प्रश्नांवर वर्गात चर्चा घडवून आणावी :

१. पहिल्या प्रयोगात ६८ टक्के गुण येऊनही संशोधकांचे समाधान का झाले नाही?
२. अर्क काढण्यासाठी पाण्याऐवजी ईथर वापरण्याचे कारण काय?
३. १९७३ मधील गोळ्या निष्फळ ठरल्या, तेव्हा औषधच टाकून दिले असते तर काय झाले असते?
४. आपल्या गावात एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन भिन्न वनस्पती आहेत काय? त्यांतील फरक कसा ओळखाल?