सिम्बॉल केव्हा बदलतो, ते आधी विचार

बाई, चिमूरहून नागपूरच्या मिहानात गेलीस, आता रात्रपाळीला परदेशी बँकेचे मेनफ्रेमवरचे बॅच जॉब तुझ्या हाती आहेत. जेसीएलमध्ये & दिसला की तिथे काय येणार हे नंतर बघ, केव्हा येणार ते आधी विचार.

जॉब सबमिट केलास की जेईएसचा कन्व्हर्टर अख्खं जेसीएल वरून खाली वाचतो आणि सिम्बॉलच्या जागी किमती भरतो. तेव्हा पहिली स्टेपसुद्धा सुरू झालेली नसते. म्हणून आयएफच्या पोटात सेट घालून ‘आधीची स्टेप बिघडली तर ही तारीख घे’ असं सांगायला जाऊ नकोस. रिटर्न कोड अजून जन्मालाच आलेला नाही, तर कन्व्हर्टरला तो कुठून ठाऊक असणार? तो आयएफमधला आणि एल्समधला, दोन्ही सेट वाचतो आणि शेवटचा धरून पुढे जातो. चांगले जाणते लोक इथे रात्रभर चूक शोधत बसतात.

डेटासेटच्या नावात &एमएम नंतर टिंब हवं असेल तर दोन टिंबं दे. पहिलं सिम्बॉल संपवण्यात खर्ची पडतं.

डीडी स्टारखालच्या ओळींचं निराळं. त्या जेसीएल नव्हेत, डेटा आहेत. सॉर्टच्या सिसइनमध्ये नुसतं &एमएम लिहिलंस तर सॉर्टला तीच अक्षरं मिळतात. आमच्या वेळी आधी एक स्टेप लावून कंट्रोल कार्ड तयार करून घ्यायचो. २०१३ मध्ये झेड-ओएस २.१ आलं आणि हा व्याप सुटला. एक्स्पोर्ट सिमलिस्टमध्ये सिम्बॉलचं नाव दे, डीडी स्टारपुढे सिम्बॉल्स=जेसीएलओन्ली लिही. एक्स्पोर्ट आधी, सेट नंतर. हा क्रम मोडू नकोस.

या डेटातली बदली होते ती प्रोग्रॅम ओळ वाचतो तेव्हा. म्हणून स्पूलवरच्या मूळ ओळीत & तसाच दिसतो, त्याने गोंधळू नकोस. आयईएफसी६५३आय हा संदेश कन्व्हर्टरने बदललेलं जेसीएल दाखवतो, डेटा नाही. टाइपरन=स्कॅन लावूनही कळत नाही, कारण प्रोग्रॅम चालतच नाही. खात्री करायची तर सिम्बॉल्स=पुढे कंसात जेसीएलओन्लीच्या जोडीला आणखी एका डीडीचं नाव दे. बदलीची नोंद तिथे उमटते. नवा जॉब ही नोंद वाचल्याशिवाय पुढच्या पाळीला सोपवू नकोस. तारखेची एक किंमत चुकली तर कुणाचं तरी व्याज चुकतं.

दोन सिस्टम असतील तर आणखी एक. एक्झेकसिस लिहिलंस तर स्टेप जिथे चालते तिथले सिस्टम सिम्बॉल घेतले जातात, सीएनव्हीटीसिस लिहिलंस तर जिथे कन्व्हर्जन झालं तिथले. गरज नसेल तर जेसीएलओन्लीवरच थांब.

माघात चिमूरला घोडायात्रेला येशील तेव्हा अडलेला जॉब वहीत उतरवून आण, पण खोटी नावं घालून. बँकेचं जेसीएल ऑफिसबाहेर काढायचं नाही.