एक भट्टी, अनेक घरं : उष्णतेचा सहकार



पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन जुन्या मंडळींना आठवत असेल. काम झालेली वाफ ते धुराड्यातून भकाभका सोडायचं. वाफ गेली, तिच्यातली उष्णताही गेली. साखर कारखान्यात मात्र तीच वाफ पुन्हा कामाला जुंपतात. आजचा धडा या हिशेबाचा आहे.

१. वाफेचा प्रवास

एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो बगॅस निघतो. एक किलो बगॅस जाळला तर साधारण २ किलो वाफ होते. ही जोरदार वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते. तिथून निघालेली कमी दाबाची वाफ रस आटवायला जाते. पहिल्या पात्रातल्या रसाची वाफ दुसऱ्या पात्राला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक पात्रात दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून रस कमी उष्णतेवरही उकळतो. ही युक्ती अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिलियू या इंजिनिअरची. तिचं पेटंट त्याने १८४३ साली घेतलं.

आता कोणी म्हणेल, हीच नळी कारखान्याच्या कुंपणाबाहेर नेली तर?

२. डेन्मार्कने काय केले?

थंडीच्या मुलखात हे सर्रास चालते. १९७३ साली तेल महागले तेव्हा डेन्मार्क जवळजवळ सर्वस्वी परदेशी तेलावर जगत होता. १९७९ साली तिथे उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला. वीज केंद्रांतली वाया जाणारी उष्णता, शहरातला कचरा, गव्हाचं काड यांवर पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या, उष्णता न सोडणाऱ्या नळांतून घरोघर पोचवायचं. पाणी ७०-८० अंशांनी जातं, ऊब देऊन ४० अंशांच्या आसपास परत येतं. घरात मीटर असतो. आज तिथल्या तीन घरांपैकी जवळजवळ दोन घरं अशी तापतात. मुख्य म्हणजे यातल्या कित्येक योजना ग्राहकांच्याच सहकारी संस्था आहेत आणि दर खर्चापुरताच घेतात.

आइसलंडमध्ये तर भट्टीही नको. आपल्या चोपडा तालुक्यात उनपदेवला जसे गरम पाण्याचे झरे आहेत, तशाच पाण्यावर १९३० साली रेकजाविकमधल्या इमारती तापू लागल्या.

३. आपल्याकडे जमेल का?

जसंच्या तसं नाही. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. इथे घर तापवून काय करणार? शिवाय गाळप चार-पाच महिने, नळांवरचं व्याज मात्र बारा महिने. नळ लांबला की वाटेत उष्णताही जाते.

पण कारखान्याच्या हाकेवर वसतिगृह असेल, दवाखाना असेल, तर आंघोळीचं पाणी देता येईल. दूध ७२ अंशांपर्यंत तापवावं लागतं, तेही होईल. आणखी एक गंमत म्हणजे उष्णतेवर गारवाही तयार होतो. ८०-९० अंशांच्या पाण्यावर चालणारी शोषण यंत्रं ७ अंशांचं थंड पाणी देतात. केळी १३-१४ अंशांवर टिकतात, हे केळी पिकवणाऱ्यांना सांगायला नको. मोसम संपल्यावर काय, याचं उत्तर मात्र शिल्लक ठेवलेल्या बगॅसमध्येच आहे.

४. आधी घरची बचत

टनामागे ५०० किलो वाफ लागत असेल आणि ती ४०० वर आणली, तर टनामागे ५० किलो बगॅस वाचतो. रोज २५०० टन गाळप असेल तर दिवसाला १२५ टन! गळके सांधे, उघड्या नळ्या हे दिसायला लहान, पण पैसे सभासदांचेच जातात. वाया जाणारी उष्णता मोजल्याशिवाय विकायच्या गोष्टी करू नयेत.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) आपल्या कारखान्यात टनामागे किती वाफ लागते? वार्षिक सभेत अवश्य विचारावे.
(२) कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत रोज गरम किंवा थंड पाणी कोणाला लागते? यादी करावी.
(३) बगॅस विकावा, वीज करावी की शीतगृह चालवावे? हिशेब मांडून गटात चर्चा करावी.