विमानातला डोंगर आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी



एस. टी.ने महाबळेश्वरला जाताना पिशवीतले वेफर्सचे बंद पाकीट तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? पायथ्याशी सैल असलेले ते पाकीट घाट चढल्यावर टम्म फुगते. आतली हवा तेवढीच असते. बाहेरच्या हवेचा दाब मात्र कमी झालेला असतो. हेच पाकीट विमानातही फुगते. पण विमानाच्या खिडक्या तर घट्ट बंद असतात! मग आतला दाब कमी कसा होतो?

मोठी प्रवासी विमाने सुमारे ३५,००० फूट उंचीवरून उडतात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी असतो. म्हणून बाहेरची विरळ हवा दाबून विमानात सोडावी लागते. परंतु आत समुद्रसपाटीइतका दाब ठेवायचा, तर विमानाचे कवच फार जाड आणि जड करावे लागेल. यावर मधला मार्ग काढलेला आहे. आतला दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच कमी होऊ देतात. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहूनही सुमारे ८०० मीटर उंच डोंगरावर जाऊन बसता!

आता थोडे गणित करू. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे १६०. आठ हजार फुटांवर एकूण दाब सुमारे ५६५ असतो. तेथे ऑक्सिजनचा वाटा सुमारे ११९. म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश ऑक्सिजन कमी! निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, कारण त्याच्या रक्तातील हीमोग्लोबिन एवढ्या दाबालाही पुरेसा ऑक्सिजन धरून ठेवते.

पण समजा, तुमच्या वर्गातील एक मैत्रीण सुट्टीत आईवडिलांबरोबर नागपूरहून परदेशी मावशीकडे निघाली आहे, आणि तिला सिकल सेल हा आजार आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. तो संसर्गाने होत नाही. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले, तरच होतो. हीमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरेच अमिनो आम्ल बसलेले असते. एवढ्याशा बदलाने काय होते? ऑक्सिजन सुटला, की हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब धागे बनतात आणि गोल तांबडी पेशी वाकून विळ्यासारखी होते. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात.

विमानात या मुलीला तीन गोष्टी त्रासदायक ठरू शकतात. पहिली, कमी ऑक्सिजन. दुसरी, कोरडी हवा. शरीरातील पाणी घटले, की पेशी अधिक सहज वाकतात. तिसरी, थंडी आणि तासन्‌तास एकाच जागी बसणे. मग तिने विमानात बसूच नये काय? तसे मुळीच नाही. असे आजार असलेली पुष्कळ मुले नीट तयारी करून सुखरूप प्रवास करतात. ज्यांना केवळ एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेले असते, अशा वाहकांना तर प्रवासी विमानात सहसा काहीच त्रास होत नाही.

तयारीचा पहिला नियम एकच : आधी सांगा. डॉक्टरांना सांगितले, तर ते तपासून प्रवासाचा निर्णय देतात. वेदनांचा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर ते प्रवास पुढे ढकलायला सांगतात. विमान कंपनीला आधी कळवले आणि डॉक्टरांचा दाखला दिला, तर गरजेप्रमाणे ऑक्सिजनची सोय ठरवता येते. ऐन वेळी विमानतळावर ती होईलच असे नाही. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत हवी, सामानाच्या बॅगेत नव्हे. वाटेत वारंवार पाणी प्यावे, उबदार कपडे घालावेत आणि मधूनमधून उठून चार पावले चालावे.

तिसरे सांगणे विमा कंपनीला. विमा म्हणजे अनेकांनी मिळून उचललेले ओझे. समजा, १,००० प्रवाशांनी प्रत्येकी ५०० रुपये भरले. ५ लाख रुपये जमले. त्यांतील पाच जण आजारी पडले आणि प्रत्येकी ८०,००० रुपये खर्च आला, तर ४ लाख त्यांना देऊन उरलेल्या रकमेत कारभार चालतो. हा सारा हिशेब खऱ्या माहितीवर उभा असतो. म्हणून अर्जात आधीपासूनचा आजार विचारतात. तो लपवला, तर ऐन संकटात कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि परदेशातील इस्पितळाचे बिल कुटुंबाच्या माथी येते. सांगितला, तर काही कंपन्या जादा हप्ता घेतात, काही केवळ जिवावरच्या प्रसंगी खर्च देतात, तर काही त्या आजाराचा खर्च मुळीच देत नाहीत. म्हणून अटी वाचूनच विमा निवडावा.

लोक काय म्हणतील या भीतीने पुष्कळ घरांत हा आजार लपवला जातो. पण हीमोग्लोबिनच्या साखळीतील बदल हा कोणाचाही अपराध नव्हे. तुमच्या वर्गात अशी मैत्रीण असेल, तर हे तिला जरूर सांगा.

करून पाहा : वरील रीतीने कळसूबाईच्या माथ्यावर ऑक्सिजनचा दाब किती असेल ते काढा. तेथे हवेचा एकूण दाब सुमारे ६२० मिलिमीटर धरा.