टाकळा, कासविंदा आणि बहावा : आरग्वध-वर्गीय शिंबी वनस्पतींचे वर्गीकरण व वैद्यकीय व्यवहार

मृग नक्षत्राच्या सरी पडून गेल्या की गव्हाण फाट्यापासून उलव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर आणि बांधांवर टाकळ्याची कोवळी रोपे दाट उगवतात. पनवेल-उरण भागात या पाल्याची भाजी आवडीने खाल्ली जाते. त्याच जागी, पुष्कळदा त्याच ताटव्यात, कासविंदाही वाढतो. दोहोंची फुले पिवळी, दोहोंना लांब शेंगा, दोहोंच्या पाल्याला उग्र वास. म्हणूनच या दोन वनस्पतींतील भेद वैद्यास निःसंदिग्धपणे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कुल आणि उपकुल

द्रव्यगुणाच्या पाठ्यपुस्तकांत शिंबी कुलाचे अपराजिता, पूतिकरंज व बब्बूल असे तीन उपकुलांत विभाजन आढळते. प्रस्तुत वनस्पती त्यांपैकी पूतिकरंज उपकुलातील होत. तथापि 2017 साली जगभरच्या शिंबी-अभ्यासकांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे या कुलाची सहा उपकुले मान्य केली. त्यानुसार कांचन एका निराळ्या उपकुलात गेला, चिंच व अशोक दुसऱ्या उपकुलात गेले. आणि खैर, शमी, शिरीष यांचा जुना बब्बूल गट मात्र बहावा-टाकळ्याच्या उपकुलात समाविष्ट झाला. या कुलात सुमारे 765 प्रजाती व 19,500 जाती गणल्या गेल्या, यावरून त्याच्या विस्ताराची कल्पना यावी.

एका प्रजातीच्या तीन प्रजाती

लिनिअसने 1753 साली या सर्व वनस्पती ‘कॅसिया’ या एकाच प्रजातीत ठेवल्या होत्या. 1982 साली अर्विन व बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे तीन भाग सिद्ध केले.

1. कॅसिया : पुंकेसरांपैकी तिघांचे तंतू लांब व नागमोडी वळलेले असतात, शेंग दंडगोल असून आपोआप उकलत नाही. उदाहरण, बहावा अर्थात आरग्वध (कॅसिया फिस्टुला).
2. सेन्ना : तंतू आखूड व सरळ, फुलाच्या देठावर उपपुष्पपत्रे नसतात. टाकळा, कासविंदा, तरवड, सोनामुखी व रस्त्याकडेला लावला जाणारा काशीद हे सर्व यात येतात.
3. कॅमेक्रिस्टा : देठावर दोन उपपुष्पपत्रे असतात, शेंग सुकल्यावर तडकून दोन्ही फाका पिळल्या जातात. चाकसू हे याचे उदाहरण.

म्हणून जुन्या ग्रंथांतील कॅसिया टोरा आणि नव्या ग्रंथांतील सेन्ना टोरा ही एकच वनस्पती होय. नाव पालटल्याने द्रव्याचे रस, वीर्य, विपाक पालटत नाहीत. मात्र औषधी मालाची खरेदी करताना दोन्ही नावे माहीत नसल्यास घोटाळा संभवतो.

संहितांची दृष्टी

आपल्या आचार्यांनी वर्गीकरण कर्मानुसार केले. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायाला आरग्वधाचेच नाव दिले, मृदु विरेचन द्रव्यांत त्याला अग्रस्थान दिले आणि कल्पस्थानात चतुरंगुल या नावाने त्याचा स्वतंत्र अध्याय लिहिला. सुश्रुताचार्यांचा आरग्वधादि गण प्रसिद्धच आहे. चक्रमर्दाचे ‘दद्रुघ्न’ आणि कासमर्दाचे कासाशी निगडित नाव हीदेखील कर्मसूचकच होत. कर्मावरून द्रव्याची योजना कळते. पण रानात हाती आलेली वनस्पती तीच आहे काय, हे आकृतीवरूनच ठरवावे लागते. दोन्ही पद्धती एकमेकींस पूरक आहेत.

ओळखीच्या खुणा

*टाकळा :* पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या. पर्णिका टोकाशी रुंद व बोथट. खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये बारीक ग्रंथी. शेंग अतिशय सडपातळ, काहीशी चौकोनी व वाकडी. बिया तिरप्या चौकटीसारख्या, चकचकीत. ग्रंथी केवळ सर्वांत खालच्या जोडीमध्येच असेल आणि शेंगेचा देठ लांब असेल, तर ती सेन्ना ऑब्टुसिफोलिया ही जवळची जाती समजावी.

*कासविंदा :* पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या; टोके अणकुचीदार. ग्रंथी एकच, पानाच्या देठाच्या तळाशी. शेंग चपटी, सुमारे 10 सेंटीमीटर लांब, कडा फिकट. बिया चपट्या व अंडाकार.

*तरवड :* प्रत्येक जोडीमध्ये ग्रंथी आणि देठाच्या तळाशी कानाच्या आकाराची मोठी उपपर्णे.

सावधगिरी का?

पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलांत एकाएकी बेशुद्धी व मृत्यू घडविणारा आजार दिसत असे. तो पुष्कळ काळ विषाणुजन्य मेंदूज्वर मानला गेला. बिजनौर येथील वैद्यकीय संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून त्याचा संबंध मुलांनी खेळता-खेळता खाल्लेल्या कासविंदाच्या बियांशी जोडला गेला. यकृत, स्नायू व मेंदू या तिन्हींवर आघात करणारे हे विष होय. ज्या द्रव्याला आपण कासावर योजतो, त्याच्याच बिया बालकाच्या जिवावर बेतू शकतात, हे विसरता कामा नये.

यास्तव वैद्यबंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. टाकळ्याची भाजी खुडणाऱ्या माता-भगिनींना पर्णिकांच्या जोड्या मोजण्यास शिकवावे. चक्रमर्द-बीज घेताना बियांचा आकार स्वतः पाहावा. आणि पावसाळ्यानंतर बेशुद्ध बालक आणले गेल्यास त्याने शेंगा खाल्ल्या काय हे आवर्जून विचारून, क्षणाचाही विलंब न करता त्यास रुग्णालयात पाठवावे. नामरूपाचे ज्ञान हा द्रव्यगुणाचा पहिला पाठ आहे. तो पक्का नसेल तर पुढील सारे ज्ञान व्यर्थ ठरते.