बाळंतिणीच्या उशाशी सतरा वर्षांची नायिका

प्रश्न : मी २८ वर्षांची. लग्नाआधी शाळेत शिकवत होते, मराठी विषयात एम.ए. आहे. मुलगी पाच महिन्यांची झाली. रात्री तिला पाजताना झोप लागू नये म्हणून मोबाइलवर ‘ट्वायलाइट’ उघडलं आणि चारही भाग कधी संपले कळलं नाही. आता अ‍ॅपवरच्या मराठी कथामालिका सुरू आहेत, सगळ्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या. पोरगी झोपली की मी झोपायला हवं, तर मी पुढचा भाग उघडते. सासूबाई म्हणतात, “बाळंतिणीनं वाचू नाही, डोळे जातात.” नवरा हसतो. एम.ए.ला मी अशा पुस्तकांना नाकं मुरडत होते. या वयात, या अवस्थेत हे खूळ का लागावं?
एक वाचक, लाखनी, जि. भंडारा

उत्तर : आधी डोळ्यांचं बघू. वाचनाने डोळे जात नाहीत, बाळंतपणातही नाही. अंधारात मोबाइल डोळ्यांशी धरला तर ते कोरडे पडतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. तेवढ्यापुरतं सासूबाईंचं ऐका आणि एखादा मंद दिवा लावा.

आता खुळाकडे. ‘ट्वायलाइट’ लिहिणाऱ्या स्टेफनी मायर या तेव्हा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात राहणाऱ्या गृहिणी होत्या, पदरात तीन लहान मुलगे. जून २००३मध्ये त्यांना एक स्वप्न पडलं. तिथून पुढे मुलं झोपल्यावर, रात्री, त्यांनी ही कादंबरी लिहून काढली. त्याआधी त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. २००५मध्ये पहिला भाग आला, २००८मध्ये चौथा, आणि जगभर १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकं छापली ती किशोरवयीन मुलींसाठी, पण त्यांच्या आयाही इतक्या वेडावल्या की अमेरिकेत त्यांना ‘ट्वायलाइट मॉम्स’ असं नावच पडलं. म्हणजे तुम्ही जे रात्री वाचताय, ते तुमच्यासारख्याच एका आईने रात्रीच लिहिलेलं आहे.

हे ध्यानात ठेवून ती गोष्ट पुन्हा आठवा. नायक एडवर्ड हा रक्तपिपासू, त्यामुळे तो कधीच झोपत नाही. रात्रभर नायिका बेलाच्या खोलीत बसून तिला झोपलेली बघतो. सोळा-सतराच्या मुलीला यात प्रेम दिसेल. समीक्षकांना यात पाळत दिसली, आणि ते चुकले असं मी म्हणणार नाही. पण रात्री अडीच वाजता, शेजारी नवरा घोरत असताना, लेकरू कुशीत घेऊन बसलेल्या बाईला काय दिसत असेल? आपण झोपलोय आणि दुसरं कुणीतरी जागं आहे!

चौथ्या भागात तर मायरबाईंनी लाजच सोडली आहे. बेलाचं लग्न होतं, मुलगी होते आणि बाळंतपणातच ती स्वतः रक्तपिपासू होते. म्हणजे तिलाही आता झोपेची गरज नाही. मुलगी भराभर वाढते, काही दिवसांतच बोलू लागते. तिला घ्यायला घरातली माणसं भांडतात. आईचं अंग दुखत नाही, केस गळत नाहीत, उलट ती आधीपेक्षा देखणी होते. ही किशोरीची स्वप्नं नाहीत. तीन बाळंतपणं काढलेल्या बाईने मांडलेला हिशेब आहे हा.

दुसरं कारण तुमच्या घरातच असेल. बाळ झाल्यापासून आलेला प्रत्येक माणूस आधी पाळण्याकडे जातो. तुम्हाला विचारतात ते दूध पुरतं का, डिंकाचे लाडू खाल्ले का. या कथांमध्ये सगळं कॉलेज सोडून एक माणूस एका मुलीकडेच बघत असतो, पानामागून पानं. तुमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमातल्या कादंबऱ्या याहून थोर असतील, पण त्या सलग दोन तास आणि ताजं डोकं मागतात. इथे बाळाने मध्येच रडून उठवलं तरी धागा तुटत नाही आणि शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानावर ठाऊक असतं. तुटक झोपेवर चालणाऱ्या डोक्याला ही खात्री फार मोठी.

नाकं मुरडण्याची परंपरा तुमच्या एम.ए.पेक्षा जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकादंबऱ्यांनाही शिष्टांनी नाकं मुरडली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून काढलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा लागला आणि तुफान चालला.

आणि तुमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत तरी रात्र जागवणं नवं आहे का? दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की घरं पाहुण्यांनी भरतात, आणि रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. लेकरू शालीत गुंडाळून, मांडीवर निजवून बाया ते पूर्ण बघतात. सासूबाईंनीही बघितलं असेल, विचारून पाहा. त्याला कुणी खूळ म्हणत नाही, कारण तिथे सगळं गाव सोबत असतं.

माझी हरकत आहे ती अ‍ॅपवरच्या मालिकांना. कादंबरी संपते. मालिका संपू नये याचीच तिथे सोय केलेली असते. प्रत्येक भाग ऐन मोक्यावर तुटतो, पुढचा उद्या, नाहीतर पैसे भरून आत्ता. तुमची झोप तिथे जाते. पाजताना वाचा, पण बाळ खाली ठेवलं की मोबाइलही ठेवा. पेंगत वाचत असाल तर तो बाळाच्या तोंडावर पडतो हेही आहेच.

एक गोष्ट मात्र तपासा. वाचताना मजा येते आहे ना? काहीच गोड लागत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येतं, असं असेल तर तो पुस्तकांचा प्रश्न नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, टेलि-मानसला, १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मराठीत असं काय वाचू, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) घ्या. नववीतलं प्रेम, पण मुलाच्या तोंडून, आणि शेवटी सगळं मनासारखं होत नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तितक्याच ताकदीने सांगितलेली प्रेमकथा आपल्याकडे विरळाच, म्हणून तर मराठीच्या एम.ए.लाही अमेरिकेत जावं लागतं. पुस्तक कागदावरचं आणा, ग्रंथालयातून. हसणाऱ्या नवऱ्याला पाठवा, आणि तो आणायला गेला की तेवढा वेळ झोपून घ्या.